पाठ टेकली की नाही? पंचाची नजर आणि मोजमापाचे शास्त्र

२ फेब्रुवारी २०२५. अहिल्यानगरच्या वाडिया पार्क मैदानावर महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्ही विभागांचे विजेते अखेर किताबासाठी एकमेकांशी लढतात. गादी विभागाच्या निर्णायक कुस्तीत पृथ्वीराज मोहोळ आणि याआधी महाराष्ट्र केसरी ठरलेले शिवराज राक्षे समोरासमोर आले. पंचांनी मोहोळ यांना चितपट कुस्तीने विजयी घोषित केले. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, चित्रण पुन्हा पाहा, असे राक्षे यांचे म्हणणे पडले. वाद वाढला, आणि संतापाच्या भरात राक्षे यांनी पंचांना लाथ मारली. पुढे अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड हेही पंचांच्या निर्णयावर नाराज झाले आणि शेवटची काही सेकंद उरली असताना आखाडा सोडून गेले. गदा मोहोळ यांना मिळाली. राक्षे आणि गायकवाड या दोघांवर कुस्तीगीर संघाने तीन वर्षांची बंदी जाहीर केली.

पैलवानाच्या आयुष्यात तीन वर्षे म्हणजे फार मोठा काळ. पहाटेची मेहनत, घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन पुरवलेला खुराक, तालमीतली वर्षानुवर्षांची घासाघीस, हे सारे एका क्षणाच्या निर्णयावर टांगलेले असते. म्हणूनच त्या दिवसानंतर गावोगावच्या पारावर आणि चहाच्या टपरीवर दोन तट पडले. एक म्हणे, ‘खांदे टेकले होते, स्पष्ट दिसत होते!’ दुसरा म्हणे, ‘टेकलेच नव्हते, आंधळ्यालाही कळेल!’

विद्यार्थी मित्रहो, त्या कुस्तीचा निकाल या लेखात आपल्याला लावायचा नाही. आपला प्रश्न निराळा आहे, आणि तो भौतिकशास्त्राचा आहे. खांदा गादीला टेकला की नाही, हे माणसाच्या डोळ्याला किती खात्रीने कळू शकते?

निर्णय म्हणजे मोजमाप

प्रयोगशाळेत तुम्ही मोजपट्टीने लांबी मोजता. पट्टीवर मिलिमीटरच्या रेघा असतात. तेव्हा ‘लांबी ५.३ सेंटिमीटर’ असे तुम्ही लिहू शकता, पण ‘५.३१७ सेंटिमीटर’ असे लिहिलेत तर तुमचे शिक्षक ते खोडतील. कारण पट्टीचे लघुतम मापच १ मिलिमीटर आहे. त्याहून बारीक काही सांगण्याचा अधिकार त्या पट्टीला नाही. त्यासाठी व्हर्निअर किंवा स्क्रू गेज हवा.

पंचाचा निर्णय हेही एक मोजमापच आहे. खांदा आणि गादी यांमधले अंतर शून्य आहे की शून्याहून अधिक, एवढेच त्याला सांगायचे असते. उपकरण म्हणजे त्याचा डोळा. नियम एखाद्या बारीक रेघेसारखा असतो. रेघेच्या अलीकडे कुस्ती चालू, पलीकडे संपली. डोळा हे उपकरण मात्र तेवढे बारीक नसते. रेघेपासून दूर घडलेल्या गोष्टींबद्दल कधी भांडण होत नाही. भांडण होते ते रेघेच्या अगदी जवळ, म्हणजे जेथे उपकरणाची ताकद संपते तेथे.

डोळा कोठे असायला हवा?

कुस्तीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चितपट होण्यासाठी दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला टेकायला हवेत, आणि पंचाला खात्री करता येईल एवढा वेळ ते टेकलेले राहायला हवेत. आता आकृती काढून पाहू या.

खांद्याचे मागचे हाड, म्हणजे खवाटा, शरीराच्या कडेपासून थोडा आत असतो. समजा तो कडेपासून १० सेंटिमीटर आत आहे, आणि पैलवानाने जोर लावून तो गादीपासून फक्त १ सेंटिमीटर वर धरला आहे. ही फट पंचाला दिसायची असेल तर त्याची नजर शरीराच्या कडेखालून आत शिरायला हवी. आत १० सेंटिमीटर जाताना १ सेंटिमीटर खाली, म्हणजे नजरेचा उतार १० ला १ असा हवा, त्याहून जास्त नको. पंच कडेपासून १ मीटर, म्हणजे १०० सेंटिमीटर अंतरावर असेल, तर त्याचा डोळा गादीपासून किती उंच चालेल? कडेपाशी नजर १ सेंटिमीटर उंचीवर आहे आणि मागे १०० सेंटिमीटरमध्ये ती १० सेंटिमीटर चढेल. एकूण ११ सेंटिमीटर. म्हणजे साधारण वीतभराहूनही कमी!

उभ्या माणसाचा डोळा दीड मीटरच्या आसपास असतो. तेथून ही फट दिसणे भूमितीच्या दृष्टीनेच अशक्य. गुडघ्यावर बसले तरी दिसणार नाही. कुस्ती चितपटीजवळ आली की पंच गादीवर पालथा पडून गाल गादीला लावतो, हे तुम्ही पाहिले असेल. काहींना त्याचे हसू येते. पण ज्या नियमाने आपण मोजपट्टीवर तिरके न पाहता सरळ वरून पाहतो, तोच नियम तो पंच पाळत असतो. तिरप्या नजरेचा दोष टाळायचा, तर डोळा मोजमापाच्या योग्य जागी न्यावाच लागतो.

येथे दोन अडचणी आणखी आहेत. पहिली अशी की, एका बाजूने पडून पाहणाऱ्याला एकच खांदा दिसतो. दुसरा खांदा मान, डोके आणि प्रतिस्पर्ध्याचा हात यांच्या आड जातो. म्हणूनच नियमात एकट्या पंचावर भार टाकलेला नाही. गादीवरचा पंच, बाजूचा पंच आणि गादीप्रमुख असे तिघे असतात. गादीवरच्या पंचाने बाजूच्या पंचाची, आणि ती मिळत नसेल तर गादीप्रमुखाची, संमती घेऊनच हात आपटून चितपट जाहीर करायची असते. दुसरी अडचण गादीची. ती फोमची असते आणि वजनाखाली दबते. खांद्याच्या भोवतीची गादी किंचित वर येते आणि फट झाकली जाते. लाल मातीच्या आखाड्यातही काम सोपे नसते. हरणे याला आपण ‘पाठीला माती लागणे’ म्हणतो खरे, पण घामेजलेल्या पाठीला माती कधी लागली, शेवटच्या डावात की त्याआधी, हे ती माती सांगत नाही.

प्रेक्षकाला किती दिसते?

आता गॅलरीत बसलेल्या आपल्यासारख्यांचा विचार करू. निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांनी डोळ्याशी निदान एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढा कोन करावा लागतो. एक रेडियन म्हणजे सुमारे ३४३८ कला. त्यावरून हिशेब सोपा आहे. १ सेंटिमीटरची फट ३४३८ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ३४ मीटर अंतरावरून एक कला एवढा कोन करते. त्याहून लांब बसलेल्या माणसाला ती फट साधारणपणे दिसत नाही. आणि हा हिशेब भरपूर उजेड, स्थिर दृश्य आणि मध्ये कोणी उभे नाही असे धरून केलेला आहे!

मग चाळीस-पन्नास मीटरवर बसलेला माणूस एवढ्या खात्रीने कसे सांगतो? त्याला हालचालीचा अंदाज दिसतो, आणि उरलेले चित्र मन पुरे करते. ज्या पैलवानावर आपले प्रेम असते, त्याच्या बाजूने ते पुरे होते. हे लबाडीने होत नाही. मोजमाप जेथे अपुरे पडते तेथे इच्छा शिरते, एवढेच. प्रयोगशाळेतही अपेक्षित उत्तर आधी माहीत असले की काटा त्याच आकड्यावर दिसू लागतो, हा अनुभव तुम्हाला असेल.

एका क्षणात दोन ठिकाणी

जागेनंतर वेळेचा विचार करू. दोन्ही खांदे ‘एकाच वेळी’ टेकायला हवेत. पण आपला डोळा एका क्षणी एकाच छोट्या जागेकडे नीट पाहू शकतो. एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्याकडे नजर वळवायला सुरुवात करण्यासच साधारण ०.२ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात, सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने वळणारा खांदा १० सेंटिमीटर सरकतो. म्हणजे पंचाने डावा खांदा टेकलेला पाहिला, नजर वळवली, उजवाही टेकलेला पाहिला. दोन्ही वेळा त्याने खरेच पाहिले. तरीही दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले होते असे त्यावरून सिद्ध होत नाही. मधल्या काळात डावा उचललेला असू शकतो. नियमात थोडा वेळ टेकून राहण्याची अट का घातली आहे, हे आता तुमच्या लक्षात येईल. ती अट पंचाच्या डोळ्याला दुसऱ्या बाजूला जाऊन परत यायला वेळ देते.

स्वतःचा प्रतिक्रियाकाल तुम्हाला घरीच मोजता येईल. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. तिच्या शून्याच्या खुणेपाशी अंगठा व तर्जनी थोडी फाकवून ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडावी, तुम्ही ती पकडावी. पट्टी जेवढी पडली ते अंतर s. मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूसाठी s = ½gt² हे समीकरण तुम्हाला माहीत आहे. १० सेंटिमीटरला ०.१४ सेकंद, १५ ला ०.१७, २० ला ०.२०, आणि २५ ला ०.२३ सेकंद असा काल येतो. दहा वेळा करा आणि सरासरी काढा. प्रत्येक वेळी आकडा वेगळा येतो, हेही नोंदवा. डोळा तोच, हात तोच, तरी आकडे वेगळे. पंचही माणूसच असतो.

कॅमेरा लावला म्हणजे झाले?

तुम्ही म्हणाल, आता घरोघरी मोबाइल आहेत, चित्रण पाहावे आणि वाद मिटवावा. कॅमेऱ्याची मदत मोठी आहे यात शंका नाही. पण कॅमेरा हेही एक उपकरणच आहे, आणि त्यालाही मर्यादा आहेत.

साधा मोबाइल सेकंदाला ३० चित्रे घेतो. दोन चित्रांमध्ये ०.०३३ सेकंद जातात. तेवढ्यात आपला अर्धा मीटर वेगाचा खांदा सुमारे १.७ सेंटिमीटर हलतो, म्हणजे आपण शोधत असलेल्या फटीहून अधिक. याचा उपाय जास्त वेगाने चित्रे घेणे हा आहे. दुसरी मर्यादा जागेची. समजा कॅमेरा दीड मीटर उंचीच्या तिकाटण्यावर, ८ मीटर अंतरावर आहे. वरचाच हिशेब पुन्हा करा. सुमारे १.९ सेंटिमीटरपेक्षा लहान फट त्याला दिसणार नाही. चित्र कितीही मोठे करा, कितीही सावकाश फिरवा, जो प्रकाश भिंगात शिरलाच नाही तो त्यातून काढता येत नाही. एकाच बाजूचा व्हिडिओ गावभर फिरतो तेव्हा हे ध्यानात ठेवले पाहिजे.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. कॅमेऱ्याला प्रश्न कोण आणि कोणता विचारतो? आपल्याच जिल्ह्यातल्या एका खेळाडूचे उदाहरण घेऊ. अजिंक्य रहाणे हे मूळचे संगमनेर तालुक्यातले. फेब्रुवारी २०२१ मध्ये चेन्नईच्या कसोटीत ते इंग्लंडविरुद्ध खेळत होते. जॅक लीच यांच्या एका चेंडूवर जवळच्या क्षेत्ररक्षकाने झेल घेतला, पण मैदानावरील पंचांनी नाबाद ठरवले. इंग्लंडने तिसऱ्या पंचांकडे दाद मागितली. चेंडू पॅडवर येताना बॅटला लागला का, हे तिसऱ्या पंचांनी पाहिले. मग पायचीत आहे का, तेही तपासले. आणि नाबाद सांगितले. पण पॅडवरून उडालेला चेंडू पुढे हातमोज्याला लागला होता. तो भाग तपासलाच गेला नाही! चित्रण उपलब्ध होते आणि यंत्रे उत्तम होती. फक्त प्रश्न अपुरा विचारला गेला. नंतर इंग्लंडला त्यांची दाद मागण्याची संधी परत देण्यात आली, आणि रहाणेही लवकरच बाद झाले. उपकरण चांगले असणे आणि मोजण्याची पद्धत चांगली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मर्यादा कबूल करणारे नियम

मग करायचे काय? उपकरणाची मर्यादा नियमातच लिहून ठेवणे हा शास्त्राला धरून असलेला मार्ग आहे. त्याची दोन चांगली उदाहरणे आहेत.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर वैयक्तिक मिडले पोहण्याच्या शर्यतीत स्वीडनचे गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचे टिम मॅकी यांची वेळ शंभरांश सेकंदापर्यंत सारखीच आली. तेव्हा हजारांश पाहिले गेले. लार्सन ४ मिनिटे ३१.९८१ सेकंद, मॅकी ४ मिनिटे ३१.९८३ सेकंद. ०.००२ सेकंदाच्या फरकाने सुवर्णपदक ठरले. आता हिशेब करा. ४०० मीटरला सुमारे २७२ सेकंद म्हणजे सरासरी वेग सेकंदाला १.४७ मीटर. ०.००२ सेकंदात पोहणारा फक्त ३ मिलिमीटर पुढे जातो. तलावाची भिंत बांधताना एका लेनची लांबी दुसरीपेक्षा १ मिलिमीटर जरी जास्त झाली, तरी आठ फेऱ्यांत ८ मिलिमीटरचा फरक पडतो! घड्याळ अचूक होते. तलाव तेवढा अचूक नव्हता. पुढे पोहण्याच्या शर्यतींत शंभरांशापर्यंतच वेळ धरण्याचे ठरले. त्यामुळे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बटरफ्लायमध्ये मायकेल फेल्प्स, चॅड ले क्लॉस आणि लास्लो चेह या तिघांची वेळ ५१.१४ सेकंद आली, तेव्हा तिघांनाही रौप्यपदक मिळाले. आपल्याला जे मोजता येत नाही, त्यावरून कोणाला हरवायचे नाही, हा त्यामागचा विचार.

दुसरे उदाहरण क्रिकेटमधले. पायचीतच्या निर्णयात चेंडू यष्टींवर गेला असता का, हे यंत्र सांगते. पण पॅड मध्ये आल्यामुळे चेंडू तेथे गेलेलाच नसतो! यंत्र जे दाखवते ते अनुमान असते. म्हणून अंदाजाप्रमाणे अर्ध्याहून कमी चेंडू यष्टींना लागत असेल तर मैदानावरील पंचाचा मूळ निर्णय कायम राहतो, आणि दाद मागणाऱ्या संघाची संधीही वाया जात नाही. ‘तोच चेंडू, एकदा बाद आणि एकदा नाबाद, हा काय न्याय?’ असे प्रेक्षक चिडून विचारतात. पण नियम येथे एवढेच म्हणतो की, पहिला निर्णय चुकीचा आहे असे खात्रीने दाखवता आले तरच तो बदलू.

या खात्रीचा उंबरठा कोठे ठेवायचा, हा प्रश्न गणिताने पूर्ण सुटत नाही. चुका दोन प्रकारच्या असतात. एक, खांदे टेकले नसताना चितपट देणे. दुसरी, टेकले असताना न देणे. पंचाने फार कडक खात्री मागितली तर पहिली चूक कमी होते आणि दुसरी वाढते; सैल सोडले तर उलट. चितपटीने कुस्ती तेथेच संपते, म्हणून पहिली चूक अधिक महागात पडते. संमतीची आणि थांबण्याची अट त्यासाठीच आहे.

दाद मागण्याची वाट

आता रागाकडे वळू. खेळाडूला आणि त्याच्या चाहत्यांना चुकीपेक्षाही जास्त टोचते ते आपले म्हणणे कोणी ऐकून न घेणे. याचे जुने उदाहरण कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ब्राँझपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. तेथे एका दमछाक करणाऱ्या कुस्तीनंतर त्यांना लगेच पुढच्या कुस्तीसाठी बोलावले गेले. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण तसा आग्रह धरायला भारताचा एकही अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. नियम कागदावर असून भागत नाही, तो मागण्याची सोयही असावी लागते.

आजच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीत, जेथे अधिकृत चित्रणाची व्यवस्था असते तेथे, पैलवानाच्या वतीने प्रशिक्षकाला पंचाच्या निर्णयाला आव्हान देता येते. आव्हान फसले तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो आणि पुन्हा आव्हान देता येत नाही. त्यामुळे उगाच कोणी आव्हान देत नाही. अशी वाट आधीपासून आखलेली आणि सर्वांना माहीत असली, म्हणजे संतापाला निदान एक दार मिळते. पंचाच्या अंगावर हात किंवा पाय टाकून मात्र मोजमाप सुधारत नाही. खांदा किती मिलिमीटर वर होता हे त्याने ठरत नाही. उलट मूळ प्रश्न बाजूला पडतो आणि चर्चा फक्त लाथेची होते.

शाळेत करून पाहण्यासारखे

शेवटी एक प्रयोग देतो. शिक्षकांनी तो वर्गात अवश्य करून घ्यावा. एक पुठ्ठ्याची वही टेबलावर ठेवा. वहीच्या बरोबर मध्यभागी खाली तीन नाणी ठेवायची किंवा नाही, हे एका विद्यार्थ्याने आडून, नाणेफेक करून ठरवावे. दुसऱ्याने वहीला हात न लावता सांगायचे, वही टेकली आहे की उचललेली? वीस वेळा दोन मीटरवर उभे राहून, वीस वेळा वाकून आणि वीस वेळा डोळा टेबलाच्या पातळीला आणून. किती उत्तरे बरोबर आली ते तिन्ही वेळा मोजा. वीसपैकी दहाच्या आसपास बरोबर आली, तर त्या जागेवरून पाहणे आणि छापा-काटा करणे यात काही फरक नाही असे समजा.

मग तालुका पातळीच्या स्पर्धा भरवताना आपल्या क्रीडाशिक्षकांशी बोला. चितपटीच्या वेळी दोन बाजूंना दोन पंच गादीच्या पातळीला येतील का? चित्रण करायचे असेल तर कॅमेरा जमिनीलगत, दोन्ही बाजूंना ठेवता येईल का? आणि निर्णय मान्य नसेल तर कोणी, कोणाकडे, किती वेळात दाद मागायची, हे पहिली कुस्ती लागण्यापूर्वीच दोन्ही तालमींना सांगता येईल का? यांपैकी कशालाही फारसा खर्च येत नाही. वहीच्या प्रयोगाचे आकडे त्या वेळी सोबत न्या. उभ्याने आलेली उत्तरे आणि पातळीवरून आलेली उत्तरे शेजारी शेजारी मांडून दाखवा, म्हणजे पंचाने खाली का पडायचे, हे वेगळे समजावावे लागणार नाही.